हौद कोणी भरला?

हवामानबदल रोखण्यासाठी कडक कायदे करावेत, अशी मागणी अनेक देशांत लोक करीत आहेत. त्या मागणीत ‘हवामान-न्याय’ हा शब्द वारंवार येतो. हवामान हा भौतिकशास्त्राचा विषय. मग त्यात न्यायाचा प्रश्न कोठून आला?

एक मोठा हौद डोळ्यांसमोर आणा. त्यात पुष्कळ नळ सोडले आहेत आणि पाणी निघून जायला तळाशी एकच बारीक भोक आहे. नळ थोडे कमी केले तरी पातळी वाढतच राहील. फक्त वाढीचा वेग मंदावेल. आपले वातावरण हा असाच हौद होय. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. त्यातील सुमारे निम्मा भाग समुद्र व वनस्पती शोषून घेतात. उरलेल्याचा बराच भाग शेकडो वर्षे हवेत राहतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२४ च्या आसपास गेला. जमिनीकडून निघणारे अवरक्त किरण हा वायू शोषतो, म्हणून पृथ्वी तापते.

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जमिनीची ओल लवकर उडते आणि पाऊस आला की धो धो कोसळतो. कन्नड तालुक्यातील पिशोरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या दोन्ही गोष्टी मारक आहेत. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या होत्या. एकाच घटनेवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. पण तापलेल्या हवेत अशा अतिवृष्टीचा संभव वाढतो.

आता हिशेब पाहू. इंधनापासून निघणारा हा वायू अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन, तर भारतात सुमारे २ टन आहे. आजवरच्या एकूण साठ्यात अमेरिकेचा वाटा जवळजवळ चौथा हिस्सा, भारताचा मात्र ३ ते ४ टक्केच. आपल्या देशातही मोटार व वातानुकूलन यंत्र असलेले घर आणि शेतमजुराचे घर यांत असेच अंतर आहे. हौद भरला एकाने, पाणी शिरले दुसऱ्याच्या घरात! हे अंतर लक्षात घेऊन भार वाटावा, हाच हवामान-न्याय.

असा न्याय कायद्याने होऊ शकतो काय? महाराष्ट्रात त्याचे एक जुने उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्यातील लाखो लोक खडी फोडायला गेले. ‘काम हा आमचा हक्क आहे’ असे म्हणत मजुरांनी मोर्चे काढले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला पुढे १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. तिचा खर्च भागविण्यासाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला होता. म्हणजे ज्याची मिळकत बरी त्याने दुष्काळग्रस्ताचा भार उचलला. मदत ही मेहेरबानी न राहता हक्क झाली.

हवामानाबाबतही पावले पडत आहेत. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. या विषयावर देशात एक सर्वसमावेशक कायदा नाही, हेही नमूद केले. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली मोहीम सुरू केली होती. तिच्यामुळे हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत त्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले.

मागणीमागे हिशेब असला म्हणजे तिला वजन येते. तो तुम्हीही करून पाहा. कोळशापासून बनलेल्या १ युनिट विजेमागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. घरचे वीजबिल घ्या, युनिटांना माणसांच्या संख्येने भागा आणि वर्गात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांत किती पट फरक आहे? दोघांवर सारखाच भार टाकणे योग्य होईल काय? यावर वर्गात चर्चा करा.