नियम आणि नवी युक्ति

कारखान्यांत नवी युक्ति निघते ती कुशल कारागिराच्या डोक्यांतून, असें आपण सहज म्हणतों. परंतु ती पुढें जगते कीं मरते, हें पुष्कळदां दूरच्या कचेरींत लिहिलेल्या एखाद्या नियमावर अवलंबून असतें.

आमचें रिठद वऱ्हाडांतलें. शिवारांत आज सोयाबीन पुष्कळ दिसत असलें, तरी हा मुलूख कापसाचा. म्हणून उदाहरणहि कापसाचेंच घेऊं. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं नागपुरास सुरू झाली. सूत कातण्याच्या नव्या धर्तीच्या रिंग-चात्या तेथें लौकरच वापरून पाहण्यांत आल्या. पुढें १८८६ सालीं कुर्ल्याची एक अडचणींत आलेली गिरणी विकत घेऊन तलम सूत काढण्याचा घाट त्यांनीं घातला. सुताचा नंबर जितका मोठा, तितकें तें बारीक. त्या काळीं आपल्या गिरण्या बहुधा २० नंबरापर्यंतचें जाड सूत काढीत. तलम माल विलायतेहून येई.

१८९४ सालीं सरकारनें परदेशी सुती मालावर शेंकडा ५ जकात बसविली. पण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस झळ लागूं नये म्हणून देशी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावरहि तितकाच कर लादला. जाडेंभरडें सूत मोकळें सुटलें. सुधारूं पाहणारें तेवढें पकडलें गेलें! १८९६ सालीं सुतावरील कर जाऊन गिरणीच्या कापडावर शेंकडा साडेतीन कर आला. तो १९२६ सालीं कायमचा उठला.

मग स्वराज्य येतांच नवी युक्ति आपोआप फुलली काय? तसेंहि नाहीं. १९५१ च्या कायद्यानें कोणीं काय आणि किती बनवावें, हें परवान्यावर ठरूं लागलें. पुण्याजवळ आकुर्डीस होणाऱ्या बजाज स्कूटरसाठीं लोक नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहात. गिऱ्हाईक दारांत तिष्ठत असतां वस्तु बदलण्याची निकड कोणास वाटणार? १९९१ सालीं बहुतेक परवाने उठले, चढाओढ वाढली, आणि त्याच कंपनीनें २००१ सालीं पल्सर मोटारसायकल आणली.

याचा अर्थ नियमच नकोत, असा नव्हे. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे कडक नियम देशभर लागू झाले. ती तारीख कांहीं वर्षें आधीं जाहीर होती व सर्वांस एकच होती. म्हणून इंजिनें सुधारणें प्रत्येकास भाग पडलें.

जन्मभर शाळेंत शिकविलेला मी मनुष्य. माझा दाखला वर्गांतलाच. अवघड गणित सोडविणाऱ्या मुलास दंड केला, तर पुन्हां तें कोणी हातीं घेणार नाहीं. आणि न सोडवितां सर्वांस उत्तीर्ण केलें, तरीहि नाहीं. परीक्षा कठीण असावी. मात्र तिची तारीख आधीं कळावी, आणि प्रश्नपत्रिका सर्वांस सारखी असावी.