बचावफळीचा कर्णधार

गोल करणाऱ्याचे नाव गावभर होते. अडवणाऱ्याला कोण विचारतो? मँचेस्टर युनायटेडचा डावा बचावपटू रॉजर बर्न मात्र ह्याला अपवाद ठरला. मँचेस्टरच्याच गॉर्टन भागातला हा तरुण १९५१ साली संघात आला. १९५२ च्या वसंतात त्याला डाव्या बगलेवर पुढे खेळवले, तर अखेरच्या सहा सामन्यांत सात गोल करून संघाच्या अजिंक्यपदाला त्याने हातभार लावला! पण ओढ बचावाचीच. तो मागे परतला. धसमुसळेपणा नाही, प्रतिस्पर्ध्याची वाट आधीच ओळखून तो ती बंद करी. कर्णधार म्हणून १९५६ व १९५७ ची अजिंक्यपदे त्याने मिळवली, इंग्लंडकडून लागोपाठ ३३ सामने खेळला.

व्यावसायिक खेळाडूला तेव्हा आठवड्याला १७ पौंडांहून अधिक पगार घेता येत नसे. म्हणून हा दूरदर्शी गृहस्थ खेळाबरोबर फिजिओथेरपीही शिकत होता.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या धावपट्टीवरील बर्फाच्या चिखलात विमानाचा उड्डाणाचा तिसरा प्रयत्न फसला. २३ माणसे दगावली; त्यांत आठ खेळाडू. बर्न अवघा २८ वर्षांचा होता. आपण बाप होणार, ही गोड बातमी पत्नी त्याला घरी आल्यावर सांगणार होती. त्याच वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव रॉजरच ठेवले.