युरोपचा निवासपरवाना आणि घरची पेढी

नगरच्या आडते बाजारात, कापड बाजारात सायंकाळी हिशेब मिटवताना अलीकडे एक प्रश्न निघतो : मुलाला जर्मनीला पाठवावे का? वडिलांना खर्चाची चिंता असते. त्याहून अधिक, पेढीवर पुढे कोण बसणार याची. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. पहिल्याचा हिशेब मात्र मांडता येतो.

शेंगेन व्हिसा हा केवळ प्रवासाचा. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, नोकरी करता येत नाही. ‘पर्यटक म्हणून जा, पुढचे पाहू’ असे सांगणाऱ्या दलालास दारातूनच निरोप द्यावा. दीर्घ वास्तव्याचा राष्ट्रीय व्हिसा येथूनच घ्यावा लागतो.

जर्मनीचे मुख्य मार्ग तीन. पहिला शिक्षणाचा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या चरितार्थासाठी ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. ही फी नव्हे. दरमहा ९९२ युरोप्रमाणे ती रक्कम विद्यार्थ्यालाच परत मिळते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. खासगी संस्थांचे शुल्क मात्र भारी असते. पदवीनंतर नोकरी शोधण्यास १८ महिने मिळतात.

दुसरा मार्ग ब्लू कार्डाचा : पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी हाती असलेल्यांसाठी. २७ महिन्यांनी, जर्मन भाषा बी-१ पातळीची असल्यास २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तिसरा, जून २०२४ पासूनचे संधी कार्ड. गुणांवर आधारलेले हे कार्ड नोकरी शोधण्यास वर्षभराची मुदत देते. आठवड्यास २० तास काम करण्याची मुभाही असते.

व्यापारच करावयाचा असेल, तर बेल्जियममध्ये स्वतंत्र व्यावसायिकास ‘प्रोफेशनल कार्ड’ लागते. अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपूरच्या जैन कुटुंबांनी जम बसविला, तो पिढ्यांच्या ओळखीवर आणि पतीवर. निव्वळ परवान्यावर नव्हे.

‘दुकान विका, तिकडे घर घ्या, परवाना मिळवा’ या जाहिरातीही जपून वाचाव्यात. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच गुंडाळली.

पैसे पाठविताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा दरवर्षी माणशी अडीच लाख डॉलर आहे. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही, हे लक्षात ठेवावे. मात्र कर्जासाठी राहते घर आणि पेढीची जागा दोन्ही एकाच वेळी तारण ठेवू नयेत.

राहिला आईवडिलांचा प्रश्न. १ मार्च २०२४ नंतर प्रथम परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारास आईवडिलांना बोलावण्याची सवलत जर्मनीने दिली आहे. पण त्यांचा चरितार्थ आणि आरोग्यविमा सिद्ध करावा लागतो, आणि उतारवयात असा विमा मिळणे कठीण. म्हणून तिकिटापूर्वी घरात एक बैठक व्हावी. मुलाने परतीची शक्यता मोकळेपणाने सांगावी, वडिलांनी पेढीची खरी स्थिती सांगावी. मगच अर्जावर सही व्हावी.