दिनविशेषातील गाळलेली तारीख

आमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, अकोला व अमरावती येथील कापसाच्या भावांच्या डोक्यावर, दिनविशेषाचा एक लहानसा रकाना रोज छापला जातो हे वाचकांस विदित आहेच. जागा कमी पडली तर पहिली कात्री त्यास लागते, आणि जागा उरली तर त्यातच एखादी जयंती वाढविली जाते; सारांश, संपादकाची नजर जिथे सर्वांत कमी फिरते असा तो कोपरा आहे. गेल्या १३ नोव्हेंबरच्या अंकात ह्या रकान्यात महाराजा रणजितसिंह यांचा जन्म, सन १७८०, एवढी एकच ओळ होती. चार दिवसांनी अकोल्याच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पोस्टकार्ड आले. गृहस्थ अडतीच्या धंद्यातले, वयाने वडील, लिहिणे मोजके. मजकूर असा: "रणजितसिंहांस आमचाही मुजरा आहे. परंतु लाहोरच्या सिंहाची याद ठेवणाऱ्या अमरावतीच्या पत्रास त्याच तारखेस खुद्द अमरावतीत काय घडले ह्याची याद असू नये, हे नवल आहे."

पत्र वाचून आम्ही आधी रागावलो, मग जुने अंक काढवून पाहिले, आणि मग वरमलो. हाती लागलेल्या अंकांपैकी एकातही ती गोष्ट आम्ही छापलेली नाही. सबब आज थोडी जास्त जागा घेऊन ती सांगणे प्राप्त आहे.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातील अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते, आणि डिसेंबरात पुनः महाडास मनुस्मृतीचे दहन व्हावयाचे होते. अमरावतीची परिषद ह्या दोहोंच्या मधली. प्रश्न अंबादेवीच्या देवळाचा होता. ज्या देवीस सारे वऱ्हाड आई म्हणते, तिच्या दर्शनास तिच्याच काही लेकरांनी जाऊ नये असे कोणी व कोणत्या अधिकाराने ठरविले, एवढेच विचारावयाचे होते. परिषदेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा विषय घेऊन विलायतेत डॉक्टर झालेला हा बॅरिस्टर; धर्म काय सांगतो हे त्यास शिकविण्याची सोय विरोधकांस उरली नव्हती! ह्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांस वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता कळली. मनुष्य गलबलून गेला असेल. परंतु परिषदेचे काम त्यांनी अर्धवट टाकले नाही.

आणि मग काय झाले? सत्याग्रह तहकूब झाला. देवस्थानच्या पंचांस विचारास अवसर हवा होता. सबब पुढील फेब्रुवारीपर्यंत थांबावे असे ठरले. ह्या पंचांत प्रमुख स्थान होते ते श्रीमंत दादासाहेब खापर्डे यांचे.

येथे आमची लेखणी क्षणभर अडखळते हे कबूल केले पाहिजे. दादासाहेबांविषयी अमरावतीकरांच्या मनात जो आदर आहे त्यास आम्ही अपवाद नाही. लोकमान्यांच्या पाठीशी हा मनुष्य जन्मभर उभा राहिला. १९०८ साली लोकमान्य मंडालेस गेल्यावर त्यांच्या सुटकेची खटपट करण्यासाठी चालती वकिली सोडून विलायतेस जाऊन राहिला. त्यांची जयंती २७ ऑगस्टला आम्ही न चुकता छापतो, पुण्यतिथी १ जुलैला छापतो, आणि पुढेही छापू. परंतु ज्याची दोन तारखांनी आरती करावयाची त्याची तिसरी तारीख रकान्याबाहेर ठेवावयाची, ही स्मृती नव्हे, मुखत्यारी झाली. अशिलाच्या हिताची तेवढी कागदपत्रे दाखल करणे वकिलास शोभते, वर्तमानपत्रास नव्हे.

आम्ही कोर्टात आयुष्य घालविलेले लोक. तहकुबीचे मर्म आम्हांस कोणी शिकवावे असे नाही. दावा खोटा आहे असे म्हणणारा प्रतिवादी बरा, कारण त्यास उत्तर देता येते. परंतु "दावा खरा आहे, फक्त आज नको" असे म्हणणाऱ्यास उत्तर देणे फार कठीण. तो नम्र असतो, आपल्यापेक्षा वडील असतो, आणि पुष्कळदा मनापासून बोलत असतो. वऱ्हाडातील जुन्या मताच्या मंडळींनी सुधारणेस नकार दिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी मुदत मागितली. फेब्रुवारी १९२८ आला आणि गेला. शेजारी वर्ध्यास जमनालालजी बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचे देऊळ त्याच १९२८ साली खुले केले, म्हणजे काम अशक्य होते असेही नाही. पुण्यास पर्वतीचा सत्याग्रह १९२९ साली झाला, नाशकास काळारामाचा १९३० साली सुरू होऊन पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मध्यप्रांत व वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे १७ वे कलम अमलात आले २६ जानेवारी १९५० रोजी. म्हणजे कायद्याने दार उघडले त्याच्या किती तरी आधी, ज्याने ते अदबीने ठोठावले होते तो पाठ फिरवून निघून गेला होता. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास लाखो लोक त्याच्यामागून गेले.

एखादा वाचक म्हणेल, ही सगळी आजच्या दृष्टीने पाहून केलेली शहाणपणाची बडबड आहे. त्या काळी इतकी समज कोणास होती? ज्यास असे वाटते त्याने तीस वर्षे मागे, ह्याच शहरी यावे. आमच्या दिनविशेषातील सर्वांत लाडकी तारीख २७ डिसेंबर ही आहे. १८९७ साली त्या दिवशी अमरावतीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सुरू झाले. अध्यक्ष मद्रासचे शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डेच. दुष्काळाचे साल, पुण्यामुंबईस प्लेग, रँडचा खून होऊन सहा महिने झालेले आणि लोकमान्य तुरुंगात. अशा वेळी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी त्यांचे नाव उच्चारताच मंडपातील लोकांचे डोळे भरून आले. ही हकीकत आम्ही दरवर्षी अभिमानाने सांगतो आणि सांगावी अशीच ती आहे.

पण त्याच आठवड्यात, त्याच अमरावतीत, सामाजिक परिषदेपुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बोलले होते, त्याचे काय? पुनरुज्जीवन आणि सुधारणा हा त्यांचा विषय. दोन वर्षांमागे पुण्यास ह्या सामाजिक परिषदेस राष्ट्रीय सभेचा मंडप मिळू नये म्हणून केवढे वादळ उठले होते! त्या वादळाची सारी धूळ अंगावर असताना हा शांत मनुष्य अमरावतीस उभा राहिला आणि जुन्याचे पुनरुज्जीवन करू म्हणणाऱ्यांस त्याने एकच विचारले: कोणते जुने? बारा प्रकारचे पुत्र आणि आठ प्रकारचे विवाह शास्त्रमान्य होते ते? नियोग? यज्ञातील पशूंच्या राशी? सतीची चिता? ज्या काळाकडे परत जावयाचे त्या काळाने त्याच्या आधीच्या काळाचे काय केले होते? जिवंत शरीरात मेलेला भाग पुनः जिवंत करता येत नाही, त्याच्या जागी नवा वाढवावा लागतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता; आणि माणसामाणसांत जन्मावरून मानलेला भेद व घडते ते अनिष्ट मुकाट्याने सोसण्याची सवय ह्या आपल्या रोगांत त्यांनी गणल्या. हे १८९७ साली, ह्याच गावच्या हवेत बोलले गेले. सबब १९२७ साली समज नव्हती हे म्हणणे टिकत नाही. समज होती, ती ऐकून, टाळ्या वाजवून, पुढच्या तारखेस ठेवली होती.

योगायोगाची गंमत अशी की, २७ डिसेंबर हीच पुढल्या वर्षीची, १८९८ ची, डॉ. पंजाबरावांची जन्मतारीख. पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करविल्या. रानड्यांचे भाषण झाले तेव्हा हे मूल जन्मालाही आले नव्हते. ज्यांनी ते ऐकले होते त्यांनी मुदत मागितली; ज्याने ऐकले नव्हते त्याने काम केले.

आता अकोलेकरांस वाटेल की हा अमरावतीचा घरगुती हिशेब झाला. तसे नाही. मुदतीच्या हुंड्या त्यांच्याही गावी लिहिल्या गेल्या आहेत. मुळात वऱ्हाडास कागदावरच्या सह्यांचे भय जुने. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि १९०२ साली कर्झनसाहेबांनी सालिना २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. दोन्ही दस्तऐवजांवर, ज्यांची शेते त्यात गेली त्या वऱ्हाडकरांची सही नाही. ही तारीखही कोणाच्या दिनविशेषात नसते, कारण तिला हार घालण्याजोगा पुतळा नाही. पुढे ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यास सातच दिवस उरले असता, अकोल्यास जो करार झाला त्यावर मात्र वऱ्हाडचीच माणसे होती: ब्रिजलाल बियाणी होते, पंजाबराव होते, पलीकडून शंकरराव देव होते. एका मराठी प्रांतात दोन उपप्रांत, महाविदर्भास स्वतंत्र विधिमंडळ, असे त्यात ठरले. तो अमलात आला नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला. १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात वैधानिक विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे प्रत्यक्ष आली १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. हुंडी फिरवीत राहण्याची ही रीत व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. परंतु व्यापारी निदान वहीत नोंद ठेवतो.

आजकाल पुण्यतिथ्या आणि राजकारण ह्यांचा संसार एकत्र झाला आहे. सकाळी हार, दुपारी छायाचित्र, सायंकाळी सभा. २० डिसेंबरला गाडगे महाराजांच्या नावाने हाती खराटे घेतलेली पुढारी मंडळी आम्हीच पहिल्या पानावर छापतो; खराटे इतके नवे असतात की त्यांच्या काड्या अजून सुटलेल्या नसतात. आपल्यास परंपरेचे रखवालदार म्हणविणाऱ्या पक्षांकडे ह्या कामाची हौस अधिक दिसते, पण सुधारकांच्या गादीवर बसलेलेही मागे नाहीत. ह्यात सगळाच दोष पुढाऱ्यांचा नाही. यादी आम्ही छापतो. पुण्यामुंबईहून छापील दिनदर्शिका येते, तीतून दोन ओळी उतरल्या की आमचे काम संपते. आणि त्या दिनदर्शिकेत इंद्रभुवन नाट्यगृह नसते. जे छापले जात नाही त्यास हारही मिळत नाही आणि जाबही विचारला जात नाही. आम्ही स्वतः जुन्याच्या अभिमानात वाढलो आहो. तो अभिमान सोडा असे आम्ही कोणास सांगणार नाही. मात्र शिलकीचीच पाने दाखविणारी वही कोणताही मुनीम मालकापुढे ठेवू धजत नाही.

१३ नोव्हेंबर २०२७ रोजी त्या परिषदेस शंभर वर्षे पुरी होतात. त्या निमित्ताने परिषदेची हकीकत साधार छापण्याचा आमचा विचार आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर इकडील घरांत त्या वेळची आमंत्रणपत्रे, हस्तपत्रके, खाजगी पत्रे किंवा देवस्थानासंबंधीचे कागद असतील तर ते आमच्या कचेरीत आणून द्यावेत. पोच दिली जाईल आणि नक्कल करून मूळ कागद आठ दिवसांत परत केले जातील. कागद कोणत्याही पक्षाचे असोत, मुदत मागणाऱ्यांचे असोत की मागितली त्यांस देणाऱ्यांचे. देवळाच्या बाजूने त्या दिवसांत काय विचार झाला हे कळले तर आम्हांस विशेष हवे आहे, कारण ती बाजू निम्मीच ऐकली गेली आहे असा आमचा संशय आहे.

अकोल्याच्या वर्गणीदारांचे पोस्टकार्ड आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. येत्या १३ नोव्हेंबरपासून त्या रकान्यात अमरावतीची ओळ पहिली येईल आणि महाराजा रणजितसिंह तिच्याखाली राहतील. जागा कमी पडलीच तर त्या दिवशी जाहिरातीतून तेवढी काढू.