बालके, सुगंधी तेले आणि आपली जबाबदारी

पावसाळ्यात सर्दी-पडशाची बालके चिकित्सालयात येऊ लागली, की त्यांच्या कपड्यांना ओव्याचा, कापराचा किंवा निलगिरीचा वास हमखास येतो. पूर्वी हा वास पुरचुंडीतून येत असे. आता तो बहुधा लहानशा बाटलीतून येतो. हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही, याची जाणीव मला एका रुग्णामुळे झाली. तो प्रसंग माझ्याच चुकीचा असल्याने तो प्रथम सांगणे उचित ठरेल.

काही वर्षांपूर्वी चौदा महिन्यांच्या एका मुलीला तिची आजी घेऊन आली होती. पोट फुगले होते, दोन उलट्या झाल्या होत्या. औषध दिल्यावर आजींनी जाता जाता विचारले, "घरात अमृतधारा आहे, ती दिली तर चालेल ना?" बाहेर गर्दी होती. मी "चालेल" म्हणालो आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. किती, कशातून, हे मी सांगितले नाही. रात्री आजींनी सुमारे अर्धा चमचा अमृतधारा पाण्यात मिसळून पाजली. अर्ध्या तासाच्या आत मुलीला झटके आले. घरच्यांनी तातडीने रुग्णालय गाठले, म्हणून मूल वाचले. नंतर आजी ती बाटली घेऊन आल्या. बाटलीवर मात्रा नव्हती, थेंब मोजण्याची सोय नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच तर चालेल म्हणालात."

मात्रेचे गणित

अमृतधारेचा प्रचलित पाठ आपण सर्व जाणतो : कापूर, पुदिन्याचे सत्त्व व ओव्याचे सत्त्व समभाग. म्हणजे १ मिलीमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम कापूर आला. अमेरिकेतील विषमाहिती केंद्रांच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कापूर पोटात गेल्यास रुग्णाला रुग्णालयात नेले पाहिजे. दहा किलोच्या बालकासाठी ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम, अर्थात १ मिली अमृतधारा ! अर्ध्या चमच्यात याच्या अडीचपट कापूर असतो. सुमारे १ ग्रॅम कापराने लहान बालके दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. याच कारणास्तव अमेरिकेत ऐंशीच्या दशकात कापूरतेल बाजारातून काढण्यात आले आणि बाह्योपचाराच्या औषधांतील कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. कापराचे झटके अनेकदा कोणत्याही पूर्वलक्षणाविना, पहिल्या तास-दीड तासात येतात, हेही ध्यानात ठेवावे.

वनस्पती आणि तिचे तेल एक नव्हे

"ॲरोमाथेरपी" हा शब्द गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या १९३७ च्या ग्रंथामुळे रूढ झाला. आज त्या नावाने विकली जाणारी तेले ऊर्ध्वपातनाने काढलेली उडनशील तेले होत. आपले तैल म्हणजे स्नेहात सिद्ध केलेले द्रव्य. हे तेल म्हणजे द्रव्यातील तीक्ष्ण अंशाचा अर्क. दोहोंना "तेल" म्हणण्याने मोठा घोटाळा होतो. ओव्यात उडनशील तेल साधारण २ ते ४ टक्के असते. म्हणजे १ मिली ओव्याचे तेल हे सुमारे २५ ते ५० ग्रॅम ओव्याचे सार झाले. इतका ओवा कोणती आई तान्ह्या बाळाला देईल ? पुरचुंडी स्वतःच मात्रा मर्यादित ठेवते. बाटलीला ही मर्यादा नसते. ती आपण घालावी लागते.

ग्रंथांतील मर्यादा

"आयुर्वेदात हे सारे पूर्वीपासून आहे" असे पालकांना सांगितले जाते. आहे, परंतु कसे आहे, तेही सांगितले पाहिजे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकासाठी धूपनद्रव्ये सांगितली ती वस्त्रे, शय्या, आस्तरण व प्रावरण यांच्या धूपनासाठी. बाळाच्या नाकाशी धूर धरण्यासाठी नव्हे. वाग्भटाचार्यांनी सात वर्षांपूर्वी नस्य आणि अठरा वर्षांपूर्वी धूमपान निषिद्ध मानले. प्रतिमर्श नस्य जन्मापासून चालते हे खरे, पण ते सौम्य स्नेहाचे. निलगिरीचा थेंब नाकाला लावून त्याला प्रतिमर्श म्हणता येणार नाही. आधुनिक अनुभव याहून वेगळा नाही : मेंथॉल वा कापूर तान्ह्या बाळाच्या नाकाशी लावल्याने स्वरयंत्राचा आकस्मिक संकोच होऊन श्वास थांबल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

विशेष सावधगिरीची द्रव्ये

निलगिरी तेल : काही मिली पोटात गेले तरी ग्लानी, बेशुद्धी व झटके संभवतात. बाटली कफाच्या औषधासारखी दिसत असल्यास चूक होणे सोपे.

गंधपुरा तेल : सांधेदुखीसाठी घरोघरी असते. एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते, म्हणजे प्रौढांच्या ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके. बालकाला एवढे प्राणघातक ठरू शकते.

लवंग तेल : दात येताना हिरड्यांना लावण्याची प्रथा आहे. ते गिळले गेल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. दात येणाऱ्या बाळासाठी ते नकोच.

पूजेचा कापूर : वडी पांढरी, सुवासिक व मुलाच्या हाती सहज येणारी असते. देवघरातील डबी उंच जागी ठेवण्यास सांगावे.

ज्या बालकाला पूर्वी तापात झटके आले आहेत किंवा अपस्मार आहे, त्याच्यासाठी कापूर व निलगिरी कोणत्याही रूपात सुचवू नये. हा प्रश्न इतिहास घेतानाच विचारावा.

मग घरी काय करू द्यावे ?

सर्वच बंद करा, असे सांगितल्यास पालक ऐकत नाहीत, आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. तीळ वा खोबरेल तेलाचा अभ्यंग उत्तम. ओव्याची पुरचुंडी कोमट करून, आपल्या मनगटावर उष्णता पाहून, छातीजवळ क्षणभर धरावी. नाकाशी धरू नये, पाळण्यात ठेवू नये. धूपन करायचे तर बालक दुसऱ्या खोलीत असावे, कपडे व अंथरूण धूपवावे आणि धूर निघून गेल्यावरच त्याला आत आणावे. दमा वा धाप असलेल्या बालकाच्या घरात धूर टाळावाच. दोन वर्षांखालील बालकाला उडनशील तेल लावू नये. त्याहून मोठ्या बालकासाठी लॅव्हेंडरसारखे सौम्य तेल वापरायचेच असेल, तर दोन चहाचे चमचे तिळतेलात दोन थेंबांहून अधिक नको, आणि तेही चेहरा व हात टाळून. मुखावाटे कोणतेही उडनशील तेल घरच्या घरी देऊ नये.

औषधालयचालक बंधू-भगिनींस

चिकित्सकाची चूक पुष्कळदा तुमच्या काउंटरवर सुधारता येते. अमृतधारा, निलगिरी व गंधपुरा यांच्या बाटल्या थेंब पाडणाऱ्या बुचाच्याच ठेवाव्यात. सुटे तेल रिकाम्या सिरपच्या बाटलीत भरून देऊ नये. चिठ्ठीवर मराठीत ठळकपणे "बालकांना पाजू नये" असे लिहावे. ग्राहकाला "कोणासाठी हवे ?" हा एकच प्रश्न विचारावा, उत्तरात "बाळासाठी" आले, की विक्री थांबवून चिकित्सकाकडे पाठवावे. एका बाटलीचा नफा जाईल, पण विश्वास राहील.

पोटात गेल्यास

ओकारी काढवू नये. झटका आल्यास तेल फुफ्फुसात जाण्याचे भय असते. दूध वा तूप पाजत बसू नये. बालकाला कुशीवर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व बाटली सोबत न्यावी. मूल हसत-खेळत असले तरी "थोडा वेळ पाहू" असे म्हणू नये.

त्या प्रसंगानंतर माझ्या चिकित्सालयात एक नियम झाला आहे. पालकांनी कोणत्याही घरगुती तेलाविषयी विचारले, की मी नुसते "चालेल" म्हणत नाही. किती, कसे, किती दिवस, हे कागदावर लिहून देतो किंवा "नको" असे लिहितो. याला एक मिनिट अधिक लागते. ती मुलगी आता शाळेत जाते. तिची आजी अजूनही माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यासमोर कागद पुढे ओढताना ते एक मिनिट मला कधीच जड वाटत नाही.