पक्षिरूप योद्धा आणि जपानी तलवार : पात्र-आरेखनातील एक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन चित्रकला स्पर्धांत आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सराववह्यांत एक प्रतिमा हटकून आढळते. पाठीवर विशाल पंख, अंगावर पिसांचे चिलखत आणि खांद्यांमागून डोकावणाऱ्या दोन जपानी तलवारी. प्रतिमा देखणी असते यात शंका नाही. परंतु हा योद्धा तलवार उपसणार कशी, असे विचारले की विद्यार्थी निरुत्तर होतो. अशा पात्राचे लालित्य पिसांच्या संख्येत नसून शस्त्र, अवयव आणि हालचाल यांच्या मेळात असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तलवार आणि तिची मागणी

'काताना' ही एकधारी, किंचित वक्र तलवार असून तिचे पाते साधारणतः ६० सेंटिमीटरहून अधिक लांब असते. पाणी देताना पात्यावर मातीचा लेप धारेकडे पातळ व पाठीकडे जाड दिला जातो. त्यामुळे धार झपाट्याने निवून कठीण होते, पाठ लवचीक राहते आणि याच प्रक्रियेत पात्याची कमान अधिक स्पष्ट होते. म्हणजे ही वक्रता केवळ शोभेची नव्हे.

ही तलवार डाव्या कमरेला, धार वर ठेवून पट्ट्यात खोचतात. उजवा हात मूठ ओढतो त्याच वेळी डावा हात म्यान मागे सारतो आणि कंबर वळते. उपसणे व वार करणे ही एकच क्रिया होते. पाठीवरच्या म्यानातून एवढे लांब पाते ओढण्यास हाताची लांबी अपुरी पडते. त्यात पंख मध्ये आले की प्रश्नच मिटला! तलवार कमरेला आणली तरी मिटलेला मोठा पंख नेमका म्यानावर येतो. म्हणून आरेखकाने पंखाची मिटण्याची रेषा आधी ठरवावी आणि तलवार नंतर काढावी.

पंख म्हणजे हातच

पक्ष्याचा पंख हा शरीररचनेच्या दृष्टीने हातच होय. खांदा, कोपर, मनगट हे सांधे त्यातही आहेत. पाठीवर वेगळे पंख दिले की पात्राला सहा अवयव होतात, आणि ते पंख हलवणारे स्नायू कोठे बसवायचे हा प्रश्न उरतो. पक्ष्यांमध्ये ते छातीच्या उभट हाडाला जोडलेले असतात. तसेच पक्ष्याचा जो 'उलटा गुडघा' आपल्याला दिसतो तो वस्तुतः घोटा असतो; खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. या एका गैरसमजामुळे कितीतरी चांगली रेखाटने लंगडी पडतात.

गरुड, जटायू आणि कारुरा

भारतीय परंपरेने हा पेच दोन प्रकारे सोडविला आहे. विष्णुमंदिरांतील गरुड बहुधा मानवी देहाचा, पाठीस पंख असलेला, पण हात जोडून उभा असतो. त्यास शस्त्र धरण्याचे प्रयोजन नाही. याउलट गृध्रराज जटायू हा पूर्ण पक्षी आहे. तो चोच व नखांनी लढतो आणि रावणाच्या खड्गाने त्याचे पंख छाटले जातात. राजा रविवर्मा यांच्या १९०६ सालच्या 'जटायुवध' चित्रात शस्त्र व पंख असे परस्परांविरुद्ध उभे आहेत. पंखधाऱ्याच्या हाती तलवार देऊ पाहणाऱ्याने हे चित्र अवश्य न्याहाळावे.

गरुडाची कल्पना बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे जपानला पोहोचली व तेथे तो 'कारुरा' झाला. नारा येथील कोफुकुजी मंदिरातील कारुराची मूर्ती इ. स. ७३४ मधील आहे. पक्ष्याचे मस्तक, देह मानवी, अंगावर चिलखत आणि पंख नाहीत! शिल्पकाराने अडचणीचा अवयव सरळ वगळला, तरीही पाहणाऱ्यास पक्षी दिसतो. जपान व भारत यांच्या सहकार्याने निघालेल्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' (दिग्दर्शक युगो साको, राम मोहन, कोइची सासाकी) या ॲनिमेशनपटाने मात्र जटायूस पक्षीच ठेवले. १९९० च्या दशकाच्या आरंभीचा हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतीय चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांस तो अपरिचित नसावा.

पक्षी देहात की हालचालीत?

सतराव्या शतकाच्या प्रारंभीचा जपानी खड्गवीर सासाकी कोजिरो याच्या नावे 'त्सुबामे-गाएशी', म्हणजे भिंगरीचे वळणे, हा डाव सांगितला जातो. खाली उतरलेले पाते क्षणार्धात उलटून वर जाते. १६१२ साली मियामोतो मुसाशीशी झालेल्या द्वंद्वात तो मारला गेला, असे परंपरा मानते. येथे योद्ध्याच्या अंगावर एकही पीस नाही. पक्षी उतरला आहे तो तलवारीच्या मार्गात. प्रस्तुत लेखकास हा मार्ग सर्वांत श्रेष्ठ वाटतो.

त्यासाठी संदर्भचित्रे धुंडाळण्याची गरज नाही. हिवाळ्यात रत्नागिरीत विजेच्या तारांवर भिंगऱ्या बसतात. भाट्ये खाडीच्या उथळ पाण्यात बगळा मान आखडून निश्चल उभा राहतो आणि एकाच झेपेत मासा टिपतो. तलवार उपसण्यापूर्वीची स्तब्धता शिकवायला याहून चांगला गुरू कोणता? किनाऱ्यावरचा समुद्रगरुड तरंगताना पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उचलून धरतो. घारीच्या सपाट पंखांहून ही आकृती लांबूनही वेगळी ओळखू येते. पात्राची छायाकृती अशीच दुरून ओळखता आली पाहिजे.

दांडपट्ट्याचा पर्याय

कातानाचा आग्रह सोडण्याची तयारी असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित झालेला दांडपट्टा पक्षिरूप पात्रास अधिक सहज शोभेल. त्याची मूठ लोखंडी खोबणीत बंद असते, मनगट मोकळे वळत नाही आणि लांब, लवचीक पाते कोपरापासून पुढे हाताचाच विस्तार होते. फिरवणे सारे खांद्यातून. पंखाच्या टोकाची लांब पिसे हाताच्या हाडांना जोडलेली असतात, तेच नाते येथे पाते व हात यांत आहे. दोन्ही हातांत पट्टे घेतलेला खेळाडू गिरकी घेतो तेव्हा पाठीवर पंख चिकटवण्याची आवश्यकताच उरत नाही. मात्र पट्टा चढवलेल्या हाताने दुसरे काही धरता येत नाही, दोर नाही की लगाम नाही. तेव्हा असे पात्र घोड्यावर बसवायचे झाल्यास एक हात रिकामा ठेवावा लागेल.