चाके, प्रवेग शर्यतीची
प्रवेग शर्यतीसाठी मोटारगाडीस बसविण्यात येणारी हलकी, मजबूत व विशिष्ट मापांची चाके. प्रवेग शर्यत म्हणजे ड्रॅग रेस. तीत दोन गाड्या स्थिर अवस्थेतून एकाच वेळी सुटतात आणि सरळ मार्गावर १/४ मैल (सु. ४०२ मी.) किंवा १/८ मैल (सु. २०१ मी.) अंतर तोडतात. या शर्यतींना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघटित रूप आले. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था तेथे स्थापन केली. सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर २००८ पासून १,००० फूट (सु. ३०५ मी.) करण्यात आले आहे. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांखेरीज रोजच्या वापरातील नोंदणीकृत गाड्याही यांत मोठ्या संख्येने उतरतात. त्यांपैकी कित्येक आपली शर्यतीची चाके गाडीतच घालून आणतात, मैदानावर ती चढवितात व शर्यत संपल्यावर नेहमीच्या चाकांवर घरी परततात. शर्यतीच्या गाडीचा सांगाडा चाकांना अनुसरून बांधता येतो. रस्त्यावरील गाडीत मात्र कारखान्याने ठरविलेल्या जागेतच चाक बसवावे लागते. म्हणून या गाडीच्या बाबतीत चाकाची निवड हा मुख्यतः मोजमापाचा प्रश्न ठरतो.

गाडी सुटताना एंजिनाचे सर्व परिपीडन मागील टायरांमार्फत जमिनीवर उतरते. टायराची बाजूची भिंत उंच व लवचिक असेल, तर ती सुरकुतते, टायर जमिनीवर लांबवर टेकतो आणि सुटतानाचा धक्का काही प्रमाणात शोषला जातो. यासाठी टायरातील हवेचा दाबही नेहमीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. टायराचा बाहेरील व्यास ठराविक ठेवून भिंत उंच करावयाची, तर चाक लहान हवे. त्यामुळे १५ इंच व्यासाचे चाक या शर्यतीत रूढ झाले. उदा., २७५/६० आर १५ या टायराचा व्यास सु. ७११ मिमी. (२८ इंच) व भिंतीची उंची १६५ मिमी. असते. ३१५/४० आर १८ या टायराचा व्यास जवळजवळ तेवढाच म्हणजे ७०९ मिमी. असला, तरी त्याची भिंत फक्त १२६ मिमी. असते. हलकेपणाचे महत्त्वही येथे दुहेरी आहे. चाक गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. त्यामुळे परिघाजवळील प्रत्येक किलोग्रॅमला प्रवेग देण्यास गाडीच्या सांगाड्यातील किलोग्रॅमच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. वजन तुंब्याऐवजी कडेवरून कमी करणे म्हणूनच अधिक फलदायी असते. पुढील चाके चालक नसल्यास ती अगदी अरुंद, ३.५ ते ४.५ इंच रुंदीची, वापरतात.

निवडीत पहिली अडचण गतिरोधकाची येते. जुन्या गाड्यांच्या लहान गतिरोधकांवर १५ इंची चाक सहज बसे. अलीकडील सामर्थ्यवान गाड्यांच्या चकत्या फार मोठ्या असतात. २०१० सालच्या शेव्हरोले कमॅरो एसएस या गाडीची पुढील चकती ३५५ मिमी. व मागील ३६५ मिमी. व्यासाची आहे. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी.; त्यातून कडेची जाडी व चकतीला कवटाळणारी पकड वजा करता असे चाक चढणे अशक्य होते. मग १७ किंवा १८ इंची चाक घ्यावे लागते, नाहीतर गतिरोधक लहान करावा लागतो. दुसरा मार्ग अनेकजण पत्करतात. परंतु तीच गाडी पुढे रहदारीतून न्यावयाची असल्यास तो विचारपूर्वकच घ्यावयास हवा. डॉज कंपनीने २०१८ च्या चॅलेंजर डीमन या गाडीला कारखान्यातूनच १८ इंची चाकांवर ३१५/४० मापाचे टायर दिले होते. पुढील बाजूस बसविण्याची अरुंद चाके मात्र ग्राहकाला वेगळ्या पेटीतून मिळत.

चाक तुंब्यावर ज्या बोल्टांनी बसते, त्यांची संख्या व त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळावा लागतो. १९९४ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्ये ५ बोल्ट ११४.३ मिमी. (४.५ इंच) व्यासाच्या वर्तुळावर आहेत. २००२ पर्यंतच्या कमॅरोत हा व्यास १२०.६५ मिमी. (४.७५ इंच) होता, तर २०१० पासून तो १२० मिमी. झाला. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्याच जास्त असलेल्या या फरकामुळे फसगत होते. चाक चढते, नटही आवळले जातात. पण ते आपल्या बैठकीत तिरके बसतात, बोल्टांवर वाकविणारा ताण येतो व नट ढिले होण्याचा संभव राहतो. १९७९–९३ मधील मस्टँगच्या बहुतेक गाड्यांना चारच बोल्ट असल्याने त्यांचे मालक नंतरच्या मस्टँगचे ५ बोल्टांचे मागील आस बसवितात. तसे केल्यास प्रत्येक बाजूचे चाक सु. २ सेंमी. बाहेर येते. म्हणून मोजमापे अशा बदलानंतर घ्यावयाची असतात.

खरी कसोटी रुंदीची असते. चाकाची सांगितलेली रुंदी ही टायराच्या कडा जेथे टेकतात त्या दोन बैठकींमधील होय. दोन्ही बाजूंचे ओठ धरून एकूण रुंदी सु. १ इंच अधिक भरते. तुंब्यावर टेकणाऱ्या पृष्ठापासून आतील ओठापर्यंतच्या अंतराला बॅकस्पेसिंग म्हणतात. चाक पालथे ठेवून आतील ओठावर सरळ पट्टी आडवी धरली आणि तेथून टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली मोजली की ते मिळते. टेकणारे पृष्ठ चाकाच्या मध्यापासून जितके सरकलेले असते, त्या अंतरास ऑफसेट म्हणतात. १० इंची चाकाची एकूण रुंदी ११ इंच धरल्यास मध्य ५.५ इंचांवर येतो, बॅकस्पेसिंग ७.५ इंच असेल, तर ऑफसेट २ इंच (सु. ५१ मिमी.) भरतो आणि तुंब्याच्या पृष्ठाबाहेर ३.५ इंच उरतात. ८ इंची चाकाऐवजी तेच बॅकस्पेसिंग असलेले १० इंची चाक घेतल्यास वाढलेले दोन्ही इंच मडगार्डाकडे जातात. रुंदी पाहून व बॅकस्पेसिंग न पाहता केलेली खरेदी बहुधा वाया जाते, ती यामुळेच.

शिवाय टायराचा सर्वांत रुंद भाग कडेवर नसून भिंतीच्या फुगवट्यावर असतो. २७५ मिमी.चा टायर १० इंची (२५४ मिमी.) चाकाच्या बैठकीहून रुंद असतो, आणि कमी दाबाखाली तो आणखी फुगतो. म्हणून आतील बाजूस कमानपाटे, धक्काशोषक व चासी आणि बाहेर मडगार्डाची कड यांपासूनचे अंतर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना मोजतात. जॅकवर उचललेल्या गाडीत आस खाली लोंबत असल्याने माप चुकते. निलंबन पूर्ण दबल्यावर टायर कोठे जातो तेही तपासावे लागते. अखंड आसाची गाडी वळताना आस बाजूला थोडा सरकतो, म्हणून दोन्हीकडे निदान १२ मिमी. मोकळी जागा राखणे इष्ट होय. जागा अपुरी पडल्यास मडगार्डाची आतील कड दुमडतात. त्यापुढचा उपाय म्हणजे चाकावरील पत्र्याचा कोनाडा कापून आत सरकविणे अथवा आसच आखूड करणे. हे दोन्ही खर्चिक आहेत.

टायराचा व्यास बदलला की दंतचक्रांचे परिणामी गुणोत्तरही बदलते. ३.७३ गुणोत्तराच्या गाडीत २६ इंची टायराऐवजी २८ इंची टायर बसविल्यास ते सु. ३.४६ असल्यासारखे होते; सुटतानाचा जोर घटतो व वेगमापक प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितो. चारही चाके चालक असलेल्या गाडीत पुढील-मागील व्यास असमान ठेवल्यास मधल्या विभेदी दंतचक्रास इजा पोहोचते. तेथे अरुंद पुढील चाकांचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

जाड बैठकीच्या चाकांना मूळ बोल्ट आखूड पडतात. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमाप्रमाणे नटात शिरलेल्या आट्यांची लांबी निदान बोल्टाच्या व्यासाइतकी असावी लागते. नटाची बैठक शंक्वाकार आहे की सपाट, हेही चाकानुसार पाहावे लागते. दाब कमी असल्याने टायर कडेवर घसरू नये म्हणून जास्त सामर्थ्याच्या गाड्यांत तो स्क्रूंनी किंवा बोल्टांच्या कड्याने जखडतात. चालक चाकांसाठी एसएफआय फाउंडेशनचे १५.१ हे विनिर्देशन आहे.

पूर्वी मॅग्नेशियमाची ओतीव चाके लोकप्रिय होती. ती हलकी असली तरी ओलाव्याने व रस्त्यावरील मिठाने गंजतात. हल्ली घडाईची ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाके अधिक वापरतात. सरळ धावेसाठी आखलेले हलके चाक वळणावरील बाजूचा भार आणि खड्ड्यांचे आघात सोसण्यास योग्य असेलच असे नाही. अरुंद पुढील टायर ओल्या रस्त्यावर गाडी थांबविण्यास अपुरे पडतात आणि नक्षीरहित स्लिक टायर सार्वजनिक रस्त्यासाठी नसतात. म्हणून रस्त्यावरूनही न्यावयाच्या संचात रस्त्यासाठी मान्य असलेले रेडियल टायर व उत्पादकाने पुरेशी भारक्षमता नमूद केलेली चाके घेतात.

भारतात अशा शर्यती बहुधा विमानांच्या धावपट्ट्यांवर होतात; महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर त्या झाल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही.